नदीकाठच्या वाफ्यात काय लावायचं: एका केमिस्ट सुनेची वही

आमच्या मळ्यातला सगळ्यात देखणा पालक चार नंबरच्या वाफ्यात यायचा, आणि मी सगळ्यात आधी बंद केला तो तोच वाफा. आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचंही खोटं नव्हतं. पानं तळहाताएवढी, काळीभोर हिरवी, मंडईत जुडी ठेवली की पहिली उचलली जायची. पण तो हिरवेपणा नत्राचा होता. शहराच्या मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद फुकट मिळतं, म्हणून नदीच्या पाण्यावरची पालेभाजी खताशिवाय माजते. त्याच पाण्यातून शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातूही येतात, आणि त्यांना ना रंग, ना वास, ना चव. ते भाजी बघून कळत नाहीत, मलाही नाही, आणि मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत पाण्याचे, मातीचे नि खाण्याच्या जिनसांचे नमुने तपासले आहेत.

सासर मुळा-मुठेच्या काठी, पुण्याच्या खालच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की उद्या मंडईत आमच्या शेजाऱ्यांचाही माल बाजूला पडेल, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या रानाला नदीचं पाणी लागतच नाही. नोकरी सोडून घरी आल्यावर आमच्या सव्वा एकर नदीकाठच्या रानाचं काय करायचं, हे मी वाफ्यावाफ्याने ठरवत गेले. ते कसं, एवढंच इथे लिहिते. तुमचं रान उल्हास नदीच्या कडेला असो, नागपूरच्या नाग नदीकाठी असो की एखाद्या नाल्यालगत, रीत तीच.

आधी पाण्याच्या उलट दिशेने चालत जा

"आमची नदी सरकारी यादीत प्रदूषित आहे," असं लोक सांगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे काढले, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. पण ती यादी बीओडीवर बेतलेली आहे. म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो, त्यावर. धातूंचा त्या आकड्याशी संबंध नाही. नुसत्या गावाच्या सांडपाण्याने काळी पडलेली नदी यादीत वर असेल, तिच्यात जंतू आणि जंताची अंडी असतील, आणि ती उकळल्यावर मरतील. दुसरी नदी दिसायला बरी असेल, पण वर धातूचा मुलामा देणारी चार प्लेटिंगची दुकानं असतील, तर तिच्यातलं काही शिजवून मरणार नाही. फेस आणि जलपर्णी यांवरूनही धातू ओळखू नका. फेस साबणाचा, जलपर्णी नत्र-स्फुरदाची.

म्हणून एक दिवस काढा आणि तुमच्या मोटरीपासून वर चालत जा. आमच्याकडे हिशेब असा लागतो: पवना पिंपरी-चिंचवडमधून येऊन दापोडीला मुळेला मिळते, मुळेला पुढे संगमावर मुठा मिळते, आणि हे दोन शहरांतून आलेलं पाणी आमच्या दारावरून रांजणगाव सांडसला भीमेत जातं. काठाला काय आहे ते लिहून काढा. प्लेटिंग असेल तर क्रोमियम, निकेल, जस्त, कुठे कुठे कॅडमियम. जुन्या बॅटऱ्या फोडणारे, भंगार जाळणारे असतील तर शिसं. कचरा डेपोचा काळा पाझर असेल तर थोडं थोडं सगळंच. हमरस्ता चिकटून असेल तर तोही लिहा. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत जे पडलं ते तिथेच आहे.

वरचा माणूस सोडतो आणि खालचा भोगतो, ही जपानमध्ये जिंझू नदीची गोष्ट. कामिओका खाणीतलं कॅडमियम नदीतून खाचरांत गेलं, भातातून माणसांत गेलं, आणि बायकांची हाडं खोकल्याच्या उबळीनेही मोडायला लागली. दुखण्याचं नावच पडलं इताई-इताई, म्हणजे "दुखतंय-दुखतंय". १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं. भात लावणाऱ्यांनी कधी खाण पाहिलीही नसेल. आपल्याकडचं प्रमाण तसं आहे असं मी म्हणत नाही, पण रस्ता हाच.

नमुना घ्यायचा तो असा

पहिली अडचण ही की मृदा आरोग्य पत्रिका तुम्हाला यात काही मदत करत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या त्या पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. शिसं, कॅडमियम त्यात नाहीत. जस्त आहे, पण ते पिकाचं अन्न म्हणून मोजलेलं. भाऊजींनी पत्रिका माझ्यासमोर धरून "बघा, सगळं हिरव्यात आहे," म्हटलं होतं. ते खरंच होतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

पालेभाजीच्या रानात वरची १५ सेंटिमीटर माती घ्या. वाफ्यात नागमोडी चालत दहा-बारा जागी इंग्रजी व्हीसारखा खड्डा करून एका कडेची बोटभर जाडीची चकती काढा. बांध, झाड, उकिरडा, विहिरीची कड सोडून. सगळी माती एकत्र करा, पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका.

आणि माझ्यासारखं पत्र्याच्या घमेल्यात कालवू नका. बावीस वर्षं लोकांना नमुना कसा घ्यायचा ते शिकवलं आणि स्वतःच्या रानात जस्ताचा मुलामा दिलेलं नवंकोरं घमेलं वापरलं. रिपोर्टात जस्त एवढं आलं की मीच घाबरले. मग घमेल्याकडे लक्ष गेलं. प्लास्टिकचं टोपलं आणि लाकडी पट्टी घ्या. खुरपं वापरलंच तर त्याला लागलेली माती पट्टीने खरवडून टाका.

वाफ्यांची भेळ करू नका. ज्या खोलगट तुकड्यात पुराचा गाळ बसतो, त्याचा नमुना वेगळा. आमचा चार नंबर तोच. आमचे मामंजी पूर ओसरला की चपला काढून रानात जायचे, मळई तुडवायला. मळई म्हणजे पुराचा गाळ, म्हणजे सोनं, ती पसरली की पुढची दोन वर्षं खत नको, अशी त्यांची पिढी. आता खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीच्या तळाचं जे वर येतं, ते आमच्या खोलगटात बसतं, आणि धातू गाळाच्या बारीक कणांनाच धरून राहतात. (धरणातला गाळ शेतात टाकतात, ती गोष्ट वेगळी. शहराच्या वरच्या धरणाचा गाळ आणि शहराच्या खालच्या नाल्याचा गाळ यांना एकच शब्द आहे, हे आपलं दुर्दैव.)

आता एक नमुना असा घ्या, जो कुणी घेत नाही. नदीचं पाणी कधीच न लागलेल्या, त्याच काळ्या मातीच्या वरच्या अंगाच्या रानाचा. आपली काळी माती बेसॉल्टची, आणि बेसॉल्टात तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतं. हा कोरा नमुना नसेल तर रिपोर्टातलं क्रोमियम बघून तुम्ही नदीला शिव्या द्याल आणि ते असेल सह्याद्रीचं.

पाण्याचा नमुना मोटर दहा मिनिटं चालल्यावर, प्रयोगशाळेनेच दिलेल्या बाटलीत. एकदा उन्हाळ्यात, एकदा पहिल्या पावसानंतर. एकाच नमुन्यावर नदीबद्दल मत बनवू नये.

भाजीचा नमुना मात्र सगळ्यात बोलका, आणि त्यात एक युक्ती आहे. एकाच वाफ्यातली किलोभर भाजी घ्या आणि तिचे दोन वाटे करा. एक वाटा घरी धुता तसा तीन पाण्यांतून धुवा, दुसरा माती झटकून तसाच. दोन्ही तपासायला द्या. धुतलेल्यात शिसं एकदम खाली आलं तर ते पानावरच्या धुळी-चिखलाचं होतं. धुतलं-न धुतलं दोन्हींत कॅडमियम सारखंच राहिलं तर ते मुळावाटे आत गेलेलं आहे, आणि मग नळाखाली कितीही वेळ धरा. पुढचे सगळे निर्णय या एका फरकावर उभे राहतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. मान्यता धातूगणिक आणि वस्तूगणिक असते. "भाजीतलं कॅडमियम तुमच्या स्कोपमध्ये आहे का, आणि तुम्ही किती खालपर्यंत मोजू शकता?" हा प्रश्न फोनवरच विचारा. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात पालेभाजीतल्या कॅडमियमची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. तुमच्या प्रयोगशाळेचं यंत्र ०.५ च्या खाली मोजतच नसेल तर "आढळले नाही" या शब्दांची किंमत शून्य. सगळ्या धातूंची यादी मागवून बिल फुगवू नका. कॅडमियम आणि शिसं आधी. वर चालताना जे लिहून काढलंत त्यावरून बाकीचं.

दुसरी गोष्ट ओल्या-वाळल्याची. प्रयोगशाळा भाजी वाळवून, नायट्रिक आम्लात विरघळवून मोजते, आणि पुष्कळदा आकडा वाळलेल्या वजनावर देते. मर्यादा असते ताज्या भाजीवर. पालकात शेकडा ९२ पाणी. म्हणजे वाळलेल्यावर २ मिलिग्रॅम आलं तर ताज्या पालकात ०.१६, मर्यादेच्या आत. २ कडे बघून "दहापट विष!" असा मथळा करणारे मी पाहिलेत, आणि याच चुकीची उलटी बाजू पकडून "काही नाही हो" म्हणणारेही. रिपोर्टवर "ताज्या वजनावर" लिहून घ्या.

आमच्या चार नंबरच्या पालकाचं कॅडमियम, ओल्या वजनावर, मर्यादेच्या अगदी काठावर होतं. शिसं धुतल्यावर उतरलं. दोन आणि तीन नंबरचे वाफे बरे निघाले.

वाफ्याला पीक, पिकाला वाफा

सगळी झाडं धातू सारखे उचलत नाहीत आणि उचललेलं सगळ्या अंगांत सारखं ठेवत नाहीत. शिसं आणि क्रोमियम बहुतेक मातीतच किंवा मुळाशीच अडकतं. हिंडणारं आहे ते कॅडमियम. ते पानात सहज चढतं, फळात कमी, शेंगेच्या दाण्यात त्याहून कमी. म्हणून गाळाच्या वाफ्यातून पालक, माठ, मोहरी आणि कोथिंबीर काढली. मुळा, गाजर, बीटही, कारण तिथे तर माती चिकटलेलं अंगच आपण खातो. त्या जागी दुधी, दोडका, काकडी मांडवावर, जमिनीपासून उंच. गवार आणि घेवडाही चालतो. ज्या वाफ्याचा आकडा मर्यादेच्या बराच वर गेला असेल, तिथे खायचं काहीच नको: शेवंती, झेंडू, निशिगंध. चाऱ्याचं गवत हा मला अर्धवट उपाय वाटतो, कारण म्हैस दूध आपल्यालाच देते.

वांग्याचं तेवढं अपवाद म्हणून सांगते. फळभाजी असूनही वांगं कॅडमियम बऱ्यापैकी घेतं. जपानमध्ये ते सोलॅनम टॉर्व्हम या रानवांग्याच्या खुंटावर कलम करून लावलं तेव्हा फळातलं कॅडमियम बरंच उतरलं, कारण तो खुंट धातू सहज वर सोडत नाही. आपल्या रोपवाटिकांत मर रोगासाठी अशी कलमी रोपं मिळतात. भाऊजींनी मर रोगासाठीच आणली होती. मी काही बोलले नाही, श्रेय त्यांचं त्यांना राहू दिलं.

मातीला आणि पाण्याला काय करायचं

सामू बघा. आम्लधर्मी मातीत कॅडमियम मोकळं होतं, चुनखडीच्या मातीत बांधलं जातं. आमच्या काळ्या रानाचा सामू ८ च्या आसपास, तिथे चुना टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत सामू साडेपाच-सहा असतो. तिथे नाल्याकाठी भाजी करत असाल तर चुना देऊन तो साडेसहाच्या वर आणणं हे पहिलं काम. पत्रिकेत जस्त कमी आलं असेल तर तेही भरून काढा. जस्त आणि कॅडमियम एकाच दारातून आत शिरतात, आणि जस्त नसलं की कॅडमियमला वाट मोकळी. पाणी खारं असेल तर जपा, क्लोराइडच्या संगतीने कॅडमियम मुळाकडे लवकर पोचतं.

शेणखत, कंपोस्ट भरपूर घाला, सेंद्रिय पदार्थ धातू धरून ठेवतात. पण शहराच्या कचऱ्याचं कंपोस्ट आणत असाल तर त्याचाही रिपोर्ट मागा. खत नियंत्रण आदेशात त्याला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० आहे. रोगावरचं औषधच रोग घेऊन यायला नको.

पाण्यात आम्ही तीन बदल केले. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरीच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, तळाच्या गाळातून काढून प्लास्टिकच्या ड्रमला टांगला, म्हणजे वरचं पाणी येतं. पाणी थेट पाटात न सोडता हौदात रात्रभर निवळू देतो. आणि पाटपाणी बंद करून ठिबक, खाली मल्चिंग पेपर, त्यामुळे पावसाचे थेंब चिखल पानावर उडवत नाहीत. तुषार सिंचन नदीच्या पाण्याने कधीच करू नका, ते पानांनाच गाळाचा हात देतं. हौदाच्या तळाला बसलेला गाळ भाजीच्या रानात परत टाकायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे पहिल्या वर्षी गड्याने तो मनापासून मेथीला घातला होता.

सूर्यफूल-मोहरी लावून जमीन धुऊन निघते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. झाडं धातू उचलतात हे खरं. हिशेब करून बघा. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे साधारण ९ लाख किलो. समजा तिच्यात किलोला ३ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि तुम्हाला ते १ वर आणायचंय. काढायचे झाले १ किलो ८०० ग्रॅम. पीक जोमाचं आलं, वाळून ४ टन भरलं आणि त्यात किलोला ५ मिलिग्रॅम चढलं, तर एका पिकात निघाले २० ग्रॅम. म्हणजे ९० पिकं. आणि दर वेळी ते ४ टन वैरण जनावराच्या तोंडी न लागू देता कुठे ठेवणार, हा प्रश्न वेगळाच.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं

पुण्या-मुंबईच्या बहिणी मला विचारतात, आम्ही काय करायचं? पालेभाजी सोडू नका, ते उत्तर नव्हे. मोठ्या पातेल्यात बुडवून, हाताने वर उचलून, तीन पाणी. पाणी ओतून टाकताना भाजीवरून ओतलं तर गाळ परत भाजीवरच बसतो. मीठ, व्हिनेगर, सोडा यांनी आत गेलेला धातू निघत नाही. कोथिंबिरीची मुळं कापा, कोबीची वरची पानं काढा, गाजर-बीट सोला. रोज एकाच भाजीवाल्याकडून एकच पालेभाजी नको, जागा आणि भाजी दोन्ही फिरवत ठेवा.

आणि अंगातलं लोह तपासून घ्या. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त ओढतं, आणि एकदा मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. रक्तक्षय म्हणून पालक खायचा आणि रक्तक्षयामुळेच पालकातलं नको ते जास्त अंगी लागायचं, असा हा पेच आहे. लोहाच्या गोळ्या मिळतात त्या खा, नुसत्या पालकावर भिस्त ठेवू नका. लहान मुलं शिसं मोठ्यांच्या कितीतरी पट शोषतात, म्हणून त्यांच्या ताटातली भाजी धुण्यात आळस नको.

हे सगळं चाललं असताना सासूबाईंनी एकदाच विचारलं, "मग माझ्या मोरीवरच्या अळूचं काय?" मोरीचं पाणी आमच्या घरातलं, नदीचा थेंब नाही. तरी त्यांचं समाधान म्हणून अळूची पानंही तपासायला दिली, धुतलेली आणि न धुतलेली. न धुतलेल्या पानांवर शिसं निघालं, सगळ्या मळ्यात सगळ्यात जास्त. दोन दिवस मी डोकं खाजवत होते. मग अळूवर सावली धरणारं गोठ्याचं जुनं दार दिसलं. त्याच्या हिरव्या ऑइल पेंटचे पोपडे पानांवर पडत होते. घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (किलोला ९० मिलिग्रॅमची) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, आणि ते दार माझ्या लग्नाच्याही आधी रंगवलेलं.

दार उतरवलं. घासून नव्याने रंगवायला निघालेल्या भाऊजींना थांबवलं, घासलं असतं तर सगळी पूड अंगणात झाली असती. अळूखालची वितभर माती काढून नवी भरली, जुनी माती पोत्यात बांधून ठेवली आहे. सासूबाई पानं आता चार पाणी धुतात आणि वड्या करताना मला हाक मारून दाखवतात.